खालचं खाली

पावसाळा लागला की अख्खं जग आमच्याकडे यायला निघतं. शनिवारी सकाळपासून लोणावळ्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते, कणसं भाजणाऱ्यांच्या शेगड्या पेटतात आणि धुक्यात उभं राहून लोक जोरजोरात ओरडतात, कशासाठी ते मला आजवर कळलेलं नाही. त्याच दिवसांत, सलग दोन वर्षं, मी माझ्या नवऱ्याची बॅग भरून त्याला उलट्या दिशेच्या गाडीत बसवून देत होते. दौंडला. तिथं माझी थोरली नणंद राहते, आणि पाऊस तिथं उभ्या उभ्या तोंड दाखवून जातो. आषाढ-श्रावण तिकडे काढायचे, गौरी-गणपतीलाही यायचं नाही, थेट नवरात्रात परतायचं. मावळात जन्मलेला, चालायच्या आधी पोहायला शिकलेला माणूस पावसाला भिऊन कोरड्या गावी जाऊन बसतो, हे कुणाला सांगणार? मी सांगायचे, नणंदेकडे बोअरच्या मोटारींची कामं निघालीत. मास्तरीण खोटं बोलत नाही असा आमच्या गावाचा समज आहे, त्यामुळे ते खपूनही गेलं.

दुसऱ्या वर्षी तो परतला तेव्हा मी कायमचा तोडगा काढला. दौंड तालुक्यात बदली मागायची. अर्ज भरून ठेवला, फक्त पाठवायचा बाकी होता. तो पाठवला असता तर कामशेतचं त्याचं दुकान बंद, भाताची खाचरं दुसऱ्याच्या हातात आणि घराला कुलूप. सासूबाई म्हणाल्या, "तुमी जा. मी हितंच मरंन." पुढच्या पावसाच्या आत ठरवायचं होतं, मावळात राहायचं की मावळ सोडायचं.

तोंडावर मी नवऱ्याला अहोजाहो करते. मनात कधीच केलं नाही, आणि इथे लिहायचं ते मनातलं, म्हणून तो 'तो'च राहील. मोटार रिवाइंडिंगचं त्याचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, तो त्यातली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढतो आणि नवी भरतो. हा पोटाचा धंदा. दुसरा बिनपैशाचा. दरीत, डोहात, धरणात कुणी अडकलं की जी माणसं दोर घेऊन धावतात, त्या टोळीत तो वीस वर्षं होता. कुणी वायरमन, कुणी किराणावाला, कुणी रेल्वेतला. अर्धं जेवण टाकून उठायचे. मला त्याचा अभिमान होता आणि रागही यायचा, आणि दोन्ही मी एकाच वेळी बोलून दाखवायचे.

ह्या टोळीचा एक नियम होता. काम झालं की दोर स्वच्छ पाण्यात धुवायचे, सावलीत वाळत घालायचे, मग टपरीवर बसून चहा प्यायचा. चहावर भाताचं बोलायचं, क्रिकेटचं बोलायचं, एकमेकांची टिंगल करायची. खाली काय पाहिलं ते मात्र बोलायचं नाही. टपरीवर नाही, घरी नाही, एकमेकांतही नाही. खालचं खाली, असं ते म्हणायचे. मला हा नियम फार आवडायचा. माणसं किती समंजस आहेत, घरात घाण आणत नाहीत, असं मला वाटे.

आता त्या दिवसाचं. डोहाचं नाव मी सांगणार नाही, नाहीतर तिथेही लोक मोबाइल घेऊन पोचतील. कॉलेजातली एक मुलगी दगडावरून घसरून पाण्यात गेली होती आणि मधल्या एका खडकाला धरून जिवंत होती. नवरा दोर बांधून उतरला. दोराचं दुसरं टोक वरच्या डोंगरवाडीतल्या त्याच्या जुन्या मित्राकडे होतं. दोघांनी अशी कितीतरी कामं केली होती. नवऱ्यानं मुलीपर्यंत पोचून तिचं मनगट धरलं, आणि मग ती गेली. दुसऱ्या दिवशी ती खाली नदीत दुसऱ्यांना सापडली. एवढंच मला त्या वेळी कळलं, तेही शेजारणीकडून. तो घरी आला, दोन भाकरी खाल्ल्या, आणि मला वाटलं, चला, ठीक आहे.

महिन्याभरानं एका सकाळी मी कुकर लावला. पहिली शिट्टी झाली आणि त्याच्या हातातली बशी खाली पडली. दोरावर काम करताना ही माणसं शिट्टीनं खुणा करतात, हे मला माहीत होतं, तरी मी म्हटलं, "घाबरलात की काय!" त्याचा चेहरा बघून माझं हसू जागीच गेलं. त्यानंतर एकेक सुरू झालं. पत्र्यावर सर आली की तो घराबाहेर जाऊन अंगणात भिजत उभा राहायचा, कारण आत आवाज जास्त. झोपेतून घामानं ओला होऊन उठायचा. उजवा हात सारखा धुवायचा. आईवर कधी आवाज न चढवलेला माणूस, मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावून मोकळा झाला आणि मग गोठ्यात जाऊन बसला. टोळीचा फोन उचलणं बंद झालं.

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, नारळ ओवाळून टाकला आणि शेवटी त्याला डोंगरातल्या एका भगताकडे नेलं. मी बरोबर गेले, भगताची फजिती करायच्या इराद्यानं. म्हातारा अंगारा-बिंगारा काही काढत बसला नाही. त्यानं नुसतं विचारलं, "कुटं भ्यालास?" नवरा अंगठ्यानं माती उकरत राहिला. "बरं, नको सांगू. पन जितं भ्यालास तितं येकदा जा, नारळ ठिव आन् ये." मी तिथंच उसळले. अंधश्रद्धेवर पंधरा मिनिटं भाषण दिलं. त्या डोहाकडे ह्यांना मी पुन्हा पाऊल टाकू देणार नाही, म्हणाले. म्हातारा ऐकून घेत होता. इतक्या दिवसांत कुठं भ्यालास असं विचारणारा तो एकटाच माणूस होता, हे माझ्या डोक्यात शिरायला अडीच वर्षं लागली.

मग मी कारभार हातात घेतला. वर्ग शांत ठेवायची मला सवय आहे, घरही शांत करून टाकलं. कुकर माळ्यावर गेला, डाळ पातेल्यात शिजू लागली. पेपर बंद. छताला आतून थर्माकोल. नळाखाली फडकं, पाणी बादलीत पडताना आवाज नको म्हणून. अख्ख्या आळीला ताकीद, कुणी विषय काढायचा नाही. त्याचा तो दोरवाला मित्र एकदा डोंगर उतरून दारात आला. चप्पलही काढली नव्हती त्यानं. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "त्यांना भेटू नका भाऊ. तुम्हाला बघून त्रास होईल." तो मान हलवून परत गेला. मी दार लावलं आणि स्वतःवर खूश झाले. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी तर ताक घरात यायचंच बंद केलं होतं.

दौंडची दोन वर्षं अशी गेली. तो सुधारत नव्हता. आधी पावसाला भ्यायचा, मग नुसत्या ढगाला भिऊ लागला.

तिसऱ्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या क्रीडास्पर्धा होत्या. शाळेच्या टाकीचा पंप बिघडला होता, म्हणून तो दुरुस्तीला आला होता. मैदानात लांब शिट्टी वाजली, चौथीच्या मुली पळायला लागल्या, आणि तो हातातलं टाकून धावत मैदानात गेला. एका पोरीचं मनगट पकडलं आणि सोडेचना. पोरगी रडायला लागली. मी ओरडले, "सोडा, अहो सोडा तिला!" तरी नाही. आमच्या मुख्याध्यापिकांचे यजमान देहूरोडला राहतात, सैन्यातून निवृत्त झालेले, त्या दिवशी बक्षिसं द्यायला आले होते. ते शांतपणे गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि एकेक बोट हळूच सोडवलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, हे वेड नाही. आमच्या पलटणीत चांगल्या चांगल्या जवानांना झालेलं मी पाहिलंय. ह्याला उपचार असतो. लपवू नका."

मी शरमेनं अर्धी झाले होते. पण निर्णय मी घेतला नाही, त्यानं घेतला. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाला, "मला कुणालातरी दाव. उद्या मी आनी कुणाचा हात धरंन."

तळेगावला एक मानसोपचाराची बाई मिळाली. बाई म्हणजे माझ्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची पोर. मला वाटलं, हिनं आयुष्यात काय पाहिलंय? दर गुरुवारी दुपारच्या लोकलनं आम्ही जायचो. तिनं दुखण्याचं नाव सांगितलं, पीटीएसडी, आघातानंतरचा ताणविकार. नवरा म्हणाला, "दुकानाच्या पाटीवर लिवायला बरं दिसंल." ती हसली, आणि मग जे बोलली ते मी तिथल्या तिथं वहीत उतरवून घेतलं.

"संकट आलं की मेंदू भोंगा वाजवतो, ते त्याचं कामच आहे. तुमचा भोंगा संकट टळल्यावरही बंद झालेला नाही. कुकर वाजला की त्याला वाटतं डोह आला. तुम्ही तिथून पळता, बरं वाटतं, आणि मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी जोरात वाजतो." मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "घरात काय काय बंद केलंत?" मी अभिमानानं सगळं सांगितलं, कुकरपासून दौंडपर्यंत. तिनं ओळीनं लिहिलं, प्रत्येकापुढे नवऱ्याकडून भीतीचे मार्क भरून घेतले, शंभरपैकी. कुकरची शिट्टी चाळीस. पत्र्यावरचा पाऊस सत्तर. डोह शंभर. कागद आमच्यासमोर ठेवून म्हणाली, "हीच आपली यादी. आता खालून सुरुवात करून सगळं पुन्हा चालू करायचं."

मला इतका राग आला की मी पर्स उचलली. रक्ताचं पाणी करून मी जे उभारलं होतं तेच त्याला आजारी ठेवत होतं, असं ही पोर मला तोंडावर सांगत होती, आणि तेही न रागावता. राग ओसरायला तळेगाव ते कामशेत एवढा प्रवास लागला. त्यानंतर माझ्या मनात तिच्याबद्दल आदराशिवाय दुसरं काही आलेलं नाही.

यादी हा उपचाराचा अर्धा भाग. उरलेला अर्धा अवघड होता. डोळे मिटून तो दिवस सांगायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आत्ता घडतोय असा. आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नवरा म्हणाला, "म्याडम, मोटार खोलायची तर आदी करंट बंद करत्यात. तुमी चालू करंटात खोलायला सांगताय."

"माणसाला मेन स्विच नसतो, भाऊ," ती म्हणाली. "पण मी शेजारी बसलेली असेन. आणि एकदम सगळी नाही खोलायची."

तिथल्याच मोठ्या डॉक्टरांनी झोपेसाठी आणि मन थाऱ्यावर राहावं म्हणून गोळ्या दिल्या होत्या. गोळीनंच भागेल अशी माझी आशा होती. थोडा आधार झाला, भागलं नाही. सांगावं लागलंच. तो जे सांगायचा ते ती फोनवर रेकॉर्ड करून द्यायची आणि त्यानं ते रोज एकदा ऐकायचं, असा गृहपाठ होता. गृहपाठ देणारी मी, पण असा गृहपाठ मी कुणाला दिला नसता.

एक दिवस शाळा सुटल्यावर दुकानावर गेले. शटर अर्धं ओढलेलं. वाकून पाहिलं तर तो स्टुलावर बसलेला, कानात इअरफोन, समोर उघडी मोटार. भर फेब्रुवारीत शर्ट पाठीला चिकटला होता. ओठ हलत होते. डाव्या हातानं त्यानं टेबलाची कड धरली होती. मला आत घुसून ते इअरफोन उपटून फेकावेसे वाटले. पण बाईंनी बजावून ठेवलं होतं, अर्ध्यात थांबवायचं नाही, अर्ध्यात थांबलं तर भीती जिंकते. मी बाहेर पायरीवर बसले. एक शेतकरी मोटार घेऊन आला, त्याला म्हटलं, "जेवतायत, बसा." अर्ध्या तासानं शटर वर झालं. नवऱ्यानं तोंड धुतलं आणि त्या शेतकऱ्याला विचारलं, "किती एच्पीची हाय?"

हा माणूस डोहात उड्या मारायचा तेव्हा मी त्याला शूर म्हणायचे. पण खरं शौर्य मी त्या पायरीवर बसून पाहिलं. रोज दुपारी, कुणी टाळ्या वाजवायला नसताना, तो स्वतःच्या पायांनी त्या पाण्यात उतरत होता. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, च्या टाका."

कुकर खाली आला. पहिल्या शिट्टीला तो ओट्याला धरून उभा राहिला. चाळीसाचे महिन्याभरात दहा झाले. मार्क जितके कमी तितका पोरगा हुशार, असं निकालपत्रक मी पहिल्यांदाच पाहत होते. पण डोहाचे शंभर ते शंभरच.

एका गुरुवारी बाईंनी मलाही आत बोलावलं. तो सांगत होता आणि नेहमीच्या जागी येऊन अडकला. "आन् मग मी सोडलं. माझ्या हातात व्हती आन् मी सोडलं." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तीन वर्षं तो ह्या एका वाक्याखाली राहत होता, आणि मी वर थर्माकोल लावत बसले होते.

"सोडलं त्या क्षणी तुमची बोटं कशी होती?" बाईंनी विचारलं.

त्यानं मिटल्या डोळ्यांनी उजवा हात वर केला. मूठ घट्ट होती.

"मिटल्याली," तो म्हणाला.

"पुन्हा बघा."

"मिटल्यालीच हाय."

"मग सोडलं कुणी?" त्यानं डोळे उघडून मुठीकडे पाहिलं. तिनं पुढं विचारलं, "दोर कुणाच्या हातात होता? त्यांना कधी विचारलंत, वरून काय दिसलं ते?"

"आमच्यात इचारत न्हाईत," तो म्हणाला. मी खाली बघत होते, कारण त्या माणसाला कुणी दारातून परत पाठवलं ते मला माहीत होतं.

रविवारी मी डोंगरवाडीला गेले. रस्ता संपतो तिथून पुढं चढण आहे. दोरवाला मित्र राबाची तयारी करत होता, भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा अंथरत होता. मला पाहून त्यानं हात झटकले. "वैनी, त्यो बरा हाय ना?" हेच पहिलं वाक्य.

मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "भाऊ, ते म्हणतात, त्यांनी त्या मुलीचा हात सोडला."

त्याच्या हातातला पाला तसाच राहिला. "त्यानं न्हाई सोडलं," तो म्हणाला. "म्या वढलं."

मग तो जमिनीकडे बघत सांगू लागला. "वरनं आख्खं झाड येत व्हतं, मुळासकट. त्याची पाठ तिकडं. शिट्टी मारायला येळ न्हवता. म्या आन् आनी दोगांनी जीव खाऊन दोर वढला. त्यो वर आला, पोरगी न्हाई आली. झाड त्याच्या पायाखालनं गेलं. दोगं न्हाई वढता आली वैनी, लय वजन व्हतं पान्याचं."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"कदी सांगनार? दोर धुतलं, च्या पिलो. मंग तुमच्या दारात आलोतो की. तुमी म्हनलात, भेटू नका. म्या समजलो, त्यो माझ्याव खवळलाय. बरोबर बी हाय म्हनलं त्याचं. तवापासनं मला बी झोप न्हाई."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि हा वळसा मीच आखून दिला होता, दौंडमार्गे. मी म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं." मला वाटलं होतं तो रागावेल, रागवायलाच हवं होतं. त्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाला, "आवं, समद्यांचंच चुकलं. नियमच तसा व्हता." इतका मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्याला मी उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "घरी नको. इथे आणा त्यांना." गुरुवारी आम्ही तिघं लोकलनं गेलो. दोघं मित्र समोरासमोर बसूनही खिडकीबाहेर बघत होते. खोलीत मित्रानं सगळं तसंच सांगितलं, झाड, पाठ, दोर. ऐकता ऐकता नवरा उठला आणि त्यानं मित्राची कॉलर धरली. मी ओरडणार होते. बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत, नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

"कशापायी वढलं मला?"

"तू मेला असतास."

"ती मेली."

"व्हय. ती मेली," मित्र म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. "मला तू दिसत व्हतास. तुला सोडून घरी काय तोंड दावलं असतं म्या?"

मग नवऱ्याची बोटं आपोआप सैल झाली. त्यानं मित्राची चुरगळलेली कॉलर हातानं नीट केली आणि म्हणाला, "लय दिस येकट्यानं वागवलंस रं." मी रडले. बाईंचेही डोळे भरले होते.

ह्यानं सगळं एका झटक्यात बरं झालं असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. ती मुलगी गेली हे खरंच राहिलं, आणि त्याचं दुःख त्याला आजही आहे. पण आता ते दुःख होतं, गुन्हा नव्हता. वैशाखात दोघं मिळून डोहावर गेले. पाणी कमरेइतकं. पहिल्यांदा काठावर उभं राहूनच परतले, मार्क ऐंशी. दुसऱ्यांदा घोटाभर पाण्यात, साठ. तिसऱ्यांदा मित्रानं पिशवीतून नारळ काढला, भगतानं सांगितलेला राहिला होता म्हणून. ह्या खेपेला मीही तिथं होते. भाषण दिलं नाही. नवऱ्यानं त्या मधल्या खडकावर नारळ ठेवला, उजवा हात पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी मनातल्या मनात त्या म्हाताऱ्या भगताला हात जोडले. त्यानं वाट बरोबर सांगितली होती, फक्त ती एका उडीत पार होण्यासारखी नव्हती. धीरानं एकेक पायरी उतरवणारं कुणीतरी हवं होतं, आणि ते तळेगावात भेटलं.

टोळीचा नियमही त्या दोघांनीच बदलायला लावला. आता दोर धुऊन झाले की सगळे गोल बसतात आणि ज्यानं जे पाहिलं ते तो सांगतो. आधी सांगायचं, मग चहा. सुरुवातीला पोरं लाजायची म्हणे. आता एकजण तर इतकं सांगतो की चहा थंड होतो.

बदलीचा अर्ज पाठवायची मुदत आली आणि गेली. मी पाठवला नाही. पण मला धाकधूक होती, कारण मेमध्ये घोटाभर पाण्यात उभं राहणं वेगळं आणि मावळचा आषाढ वेगळा. थर्माकोल आम्ही काढून टाकला होता. पाऊस लागला आणि पहिले आठ-दहा दिवस वाईट गेले. पत्रा तडतडायला लागला की तो अंगणाकडे बघायचा, मग पुन्हा खाली बसायचा, कपाळावर घाम. बाईंना आठवड्यातून दोनदा फोन. सासूबाई काही न बोलता त्याच्या शेजारी येऊन लसूण सोलत बसायच्या. मी मात्र माळ्यावरची बॅग काढून झटकून ठेवली होती, कुणाला न सांगता. माझा माझ्यावरच विश्वास नव्हता.

अशाच एका दुपारी धो धो कोसळत असताना नणंदेचा फोन आला, दर वर्षीसारखा, माझ्या मोबाइलवर. "खोली झाडून ठिवलीय. कंदी बसवतीस त्याला गाडीत?" मी काहीतरी गोलमोल उत्तर जुळवत होते, तेवढ्यात त्यानं हात पुढं केला. मी फोन दिला. त्यानं स्पीकर लावून तो समोर पाटावर ठेवला.

"आक्का, यंदा येत न्हाई."

"का रं? बरा हाईस का?"

"हाय. हितं लय पाऊस हाय. ऐकू येतोय का?" मग तो म्हणाला, "दोन वर्सं तुझ्याकडं ऱ्हायलो. का आलाय म्हनून तू येकदा बी इचारलं न्हाईस."

"तुझ्या बायकूनंच सांगितलं व्हतं, इचारू नको म्हनून."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "व्हय." माझ्या तोंडून गावची भाषा कधी येत नाही, तेव्हा आली.

"मंग आता इचार," तो फोनला म्हणाला.

मग नणंद हळूच म्हणाली, "काय झालं व्हतं रं?"

आणि तो सांगू लागला. डोहापासून, दोर बांधला तिथून. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. पत्र्याच्या आवाजात ऐकू जावं म्हणून त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं. मनगटापाशी आला तेव्हा त्यानं उजवी मूठ मिटली, पण तो थांबला नाही. तिकडे नणंद हुंदके देऊन रडायला लागली.

"आक्का, रडू नको," तो म्हणाला. "पुढं ऐक. मला वढून काढलं त्या मानसाचं सांगायचं ऱ्हायलंय."